तुझ्या गुडघ्याचा आवाज

आई, आज मी लॅबमध्ये तुझ्या गुडघ्याचा आवाज बंद केला. लाल बटण दाबलं, मोटर दोन हिसके देऊन थांबली, आणि वर्षभर खट्ट, खट्ट करत असलेली ती खोली एकदम गप्प झाली. आमचा मॅनेजर कॉव्हेंट्रीचाच जुना माणूस आहे, त्याचा बाक माझ्या बाकाला लागूनच आहे. तो म्हणाला, आज पहिल्यांदा मी डोकं न दुखता घरी जाणार, बायको दारातच विचारेल की आपण कोण. मी हसलो. पाना घेतला, तो सांधा मशीनवरून उतरवला, फडक्याने पुसला, आणि टॉयलेटमध्ये जाऊन रडलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, रडायचं ते घरी येऊन रड, तिथं साफसफाईवाल्या बाईला काऊन ताटकळत ठेवतोस.

तो सांधा तुझा नव्हता, हे मला माहीत आहे. तुझा पायाचा कॅलिपर तू गेल्यावर लगेचच बाबांनी बुटासकट एका पिशवीत घातला आणि हॉस्पिटलला परत नेऊन दिला. स्वतः तिथेच नर्स, त्यामुळे नियम नसेल तिथेही नियम पाळणारे. म्हणाले, त्यांची वस्तू आहे, कुणाच्या तरी कामी येईल. मी चौदा वर्षांचा होतो. तुझ्या मांडीच्या मापाने शिवलेला पट्टा दुसऱ्या कुणाच्या कामी कसा येणार, असं ओरडलो आणि जिन्याच्या कठड्याला अशी लाथ मारली की त्याची एक दांडी परवापरवापर्यंत हलत होती. बाबा पिशवी उचलून निघून गेले. त्यांना ती वस्तू घरात बघवत नव्हती, हे मला आता कळतं. पण त्या दिवसापासून आपल्या घरातून तो आवाज गेला, आणि मला वाटलं, तू खरी गेलीस ती त्या दिवशी.

तुला आता काय सांगू की मी काय काम करतो. तुझा कॅलिपर कसा होता, आठव. मांडीपासून बुटापर्यंत स्टीलच्या दोन पट्ट्या, गुडघ्यापाशी बिजागरी, आणि त्या बिजागरीवर एक कडी. तू उभी राहिलीस की कडी खाली घसरायची, खट्ट, की पाय काठीसारखा सरळ. बसायचं असलं की बोटांनी कडी वर ओढायची. म्हणजे तू आयुष्यभर एक पाय न वाकवता चाललीस, कंबर उचलून, अर्धा गोल फिरवून. आमच्या लॅबमध्ये त्या कडीच्या जागी चार छोट्या पट्ट्यांची एक जोडणी बसवलेली आहे, लिंकेज म्हणतात. पायावर भार आला की ती आपोआप धरते, पाऊल उचललं की आपोआप सोडते. गुडघा चालताना वाकतो. माझं काम एवढंच की ती जोडणी मशीनला लावायची आणि मशीनने तिला अखंड वाकवायचं, सरळ करायचं. कुठे अडकते, कुठे झिजते, किती जोर लागतो, ते स्क्रीनवर रेघेने दिसतं. आणि तुलना करायला शेजारच्या मशीनवर जुना, कडीवाला सांधा. त्याची कडी वर उचलायला मी हवेवर चालणारा एक छोटा दट्ट्या बसवला होता. पहिल्या दिवशी मशीन चालू केली, पाय सरळ झाला, कडी पडली, आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. आई, हुबेहूब तोच आवाज होता. तू जिन्यावरून खाली येत होतीस.

लेस्टरच्या आपल्या त्या घराचा जिना किती अरुंद होता, तुझा पाय फिरवायला जागा नव्हती म्हणून तू एका अंगाने उतरायचीस. मी पांघरुणात. बाहेर अंधार. खट्ट झालं की मला कळतं, तू पलंगावरून उठलीस. मग जिना. मग स्वयंपाकघर, तिथे पुन्हा खट्ट, म्हणजे स्टुलावरून उठून ओट्याशी उभी राहिलीस. आता गॅस पेटेल. आता डब्यासाठी पातोडीची भाजी, माझ्या शाळेचा आणि तुझ्या शिफ्टचा एकच डबा, दोन भाग. हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजला तुला दिवसभर बसून बोलायचं असायचं, म्हणून घरात तू शक्य तितकं उभी राहायचीस. मला नेहमी घाई. बस सुटेल, आई चल, आई चल. आणि तू दर वेळी एकच वाक्य म्हणायचीस, थांब जरा, कडी पडू दे. मग तो आवाज यायचा आणि मगच तू त्या पायावर भार टाकायचीस. मला वाटायचं, जगात भरवशाचं काही असेल तर ते एवढंच आहे.

दहाव्या वाढदिवसाला मी व्हिडिओ गेम मागितला होता. तू एका डब्यात छोटे स्क्रूड्रायव्हर आणि लांब चोचीची तेलाची बुधली दिलीस, आणि म्हणालीस, घरात एक तरी मेकॅनिक पाहिजे, आजपासून माझ्या पायाची नोकरी तुझी. मी दिवसभर तोंड फुगवून बसलो आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या दारांना तेल घालून टाकलं. मग दर रविवारी विहारात जायच्या आधी तू पांढरी साडी नेसून पलंगावर बसायचीस, पाय पुढे करायचीस, मी कडीत तेलाचे थेंब सोडायचो, वर-खाली करून बघायचो. तू विचारायचीस, "आता आवाज कमी झाला काय रे?" आणि मी अभिमानाने सांगायचो, "नाही आई, मस्त येऊन राहिला." तू म्हणायचीस, बरं. मग तू एका जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी घेऊन गुडघ्याभोवती गुंडाळायचीस. विहाराचा हॉल गार असायचा, म्हणून थंडीसाठी ती पट्टी, असं माझं मत होतं. लग्नाला जातानाही ती पट्टी. माझ्या शाळेत येतानाही. थंडी वाजते म्हणून, दुसरं काय.

शाळेत एकदाच तुला माझ्यामुळे बोलावणं आलं. एक मुलगा तुझ्या चालण्याची नक्कल करत होता, तोंडाने टॉक टॉक असा आवाज काढत, आणि मी त्याचं नाक फोडलं. तू शिफ्ट सोडून आलीस. त्या पॉलिश केलेल्या लांब हॉलमधून तू चालत येत होतीस आणि मी छाती पुढे काढून उभा होतो, की बघा, हिच्यासाठी. हेडमिस्ट्रेससमोर तू त्या मुलाच्या आईची माफी मागितलीस.  घरी आल्यावर कोट काढता काढता म्हणालीस, "माझ्यासाठी नाही मारलं तू त्याले. राग तुले आला होता, नाव माझं वापरलं." मी जेवलो नाही त्या रात्री. तू ताट झाकून ठेवलंस आणि समजूत काढायला आली नाहीस. मला तेव्हा ते फार क्रूर वाटलं होतं. माझं चुकलं होतं हे मला मान्य व्हायला इतकी वर्षं का लागावीत, ते तुला आता सांगतो.

तू गेल्यावर मी कसाबसा कॉलेजपर्यंत पोचलो, मेकॅनिकलला, कॉव्हेंट्रीत. दुसऱ्या वर्षी ग्रुप प्रोजेक्टवरून लेक्चररशी वाजलं. त्याने सगळ्यांसमोर माझं ड्रॉइंग पाहिलं आणि हसला, निदान मला तसं वाटलं. मी पोर्टफोलिओ त्याच्या टेबलावर टाकला आणि जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. बाबा म्हणाले, विचार कर. मी म्हणालो, केला. बाबासाहेबांचा फोटो ज्या भिंतीवर आहे तिच्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. त्या भिंतीसमोर कॉलेज सोडणं म्हणजे काय, हे मला कुणी शब्दांत सांगायची गरज नव्हती. नंतर गोदामात काम केलं, गाड्यांच्या गॅरेजमध्ये केलं, आणि मग या लॅबमध्ये टेक्निशियनची जागा मिळाली. आता तुझं पोरगं दिवसभर गुडघे वाकवतं.

आणि इथेच ती होती. ते लिंकेज तिने डिझाइन केलेलं आहे. मूळची पुण्याची, मास्टर्सला इकडे आली आणि इथेच राहिली. पहिल्याच आठवड्यात मी तिला मराठीतच म्हणालो की ही बुश, खिळीभोवतीची नळी, कडक बसून राहिली आहे, आणि तिने मान वर केली, आपलं मराठी कुठे ऐकू आलं म्हणून. मग तिला कळलं, मी नागपूरचा, सातव्या वर्षी इकडे आलो, वगैरे. तेव्हापासून तिचा एकच खेळ, मला चिडवायचं. म्हणायची, तुझं मराठी सात वर्षांच्या मुलाचं आहे, राग मात्र रिटायर झालेल्या माणसाचा. दुपारी आम्ही कॅनॉलच्या काठावर डबा खायचो. ती माझा ठेचा खाऊन नाक पुसायची आणि तरी परत मागायची. तिला मी तुझ्याबद्दल सगळं सांगितलं, आई. जिना, कडी, बुधली, सगळं. ज्या दिवशी पाना पडला त्या दिवशी तिने मशीन बंद केली, माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि विचारलं, तुझी आई कडी पडायच्या आधी एक क्षण थांबायची का? मी म्हणालो, थांबायची. तिने तो क्षण लिहून घेतला नाही, काही नाही. नुसती बसून राहिली. मला वाटलं, हिच्याशी लग्न करायचं.

मला प्रेम करता येत नाही असं नाही. मला ते शांतपणे करता येत नाही. ती उशिरा घरी पोचली तर पोचलीस का, पोचलीस का, असे माझे मेसेज. तिने उत्तर दिलं तर एवढंच? नाही दिलं तर झालं काय? आणि सगळ्यात वर, घरी आपल्या लग्नाचं सांगितलंस का? तिच्या घरचे लोक कसे आहेत, आपण कोण आहोत, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती म्हणायची, मला माझ्या पद्धतीने करू दे. मी म्हणायचो, तुझी पद्धत म्हणजे गप्प बसणं. दर रविवारी हाच विषय. एकदा ती मला म्हणाली, तुला प्रत्येक गोष्टीचा आवाज लागतो. मी म्हणालो, हो, लागतो. मला ते कौतुक वाटलं होतं.

जानेवारीत नवीन जोडणीची सुधारलेली आवृत्ती आली. जुन्या सांध्याच्या रेघेवर कडी पडताना एक उंच सुळका दिसतो, धक्क्याचा. तिच्या पहिल्या डिझाइनमध्ये तो अर्धा झाला होता. यात तो जवळजवळ नाहीसा झाला, नुसता एक बसका उंचवटा. पट्ट्यांची लांबी जराशी बदलली होती तिने आणि एका खिळीची जागा सरकवली होती. मशीन चालू केली तर आवाजच नाही. तेल लावलेल्या दारासारखं, जात होतं आणि येत होतं. मॅनेजरने टाळी वाजवली. आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी म्हणालो, हे धोकादायक आहे. माणसाला कळणार कसं की पायाने धरलंय म्हणून? आवाज ठेवायला पाहिजे. तिने शांतपणे समजावलं की धरल्यावर मांडीच्या पट्ट्यात हलका दाब जाणवतो, आणि न धरण्याची शक्यताच तिने वेगळी तपासली आहे. मी ऐकेना. म्हणालो, तुम्ही स्क्रीनवर पाय काढता, मी पायासोबत राहिलोय. मॅनेजर म्हणाला, चहा घेऊ या का? कुणी घेतला नाही. तिने पुन्हा सुरुवातीपासून समजावलं, त्याच आवाजात. त्या शांतपणाचाच मला राग आला. आणि मग, सगळे इंग्रजीत बोलत असताना, मी तिला मराठीत म्हणालो, "तुला गप्प वस्तूच करता येणार. स्वतःच्या घरी एक वाक्य बोलायची हिंमत नाही तुझ्यात."

त्या खोलीत ते फक्त तिलाच कळलं. तिने लॅपटॉप मिटला, आणि सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं की पुढची चाचणी सोमवारपासून. त्यानंतर कॅनॉलवर मी एकटाच. ती मला काम सांगायची, थँक यू म्हणायची, बुश बदलली का विचारायची. आवाज चढवला नाही, रडली नाही, फोन आपटला नाही. मी वाट बघत राहिलो, आई, की कधीतरी भांडेल. भांडण मला समजतं. मग एक दिवस मॅनेजरकडून कळलं की तिने ग्लासगोला दुसऱ्या लॅबमध्ये नोकरी घेतली, इथली चाचणी संपली की जाणार.

शेवटची चाचणी माणसावर असते. कॅलिपर वापरणारी एक बाई लेस्टरहून यायची, बेलग्रेव्ह रोडवर तिच्या मुलाचं साड्यांचं दुकान आहे. लहानपणी केनियात पोलिओ झालेला, मग इथे. सगळे तिला मासी, म्हणजे गुजरातीत मावशी, म्हणायचे, मॅनेजरसुद्धा, फक्त त्याला वाटतं ते तिचं नाव आहे. हॉस्पिटलमधून आलेल्या बाईंनी तिला नवीन कॅलिपर बांधला. दोन्ही बाजूंना धरायच्या दांड्या, मधून चालायचं. मी तिच्या मागे हात पसरून, पडली तर धरायला. जोडणी जिची ती भिंतीशी उभी. मासीने मागे वळून मला पाहिलं आणि म्हणाली, बेटा, विकेटकीपरसारखा काय उभा आहेस, मी चेंडू आहे का? आणि चालायला लागली. पहिलं पाऊल टाकताना ती थांबली, तशीच, तू थांबायचीस तशी. कान देऊन. मी मनात म्हटलं, बघा, मी सांगत होतो. तिला आवाज हवाय. आवाज आला नाही. तिने मांडीवर हात ठेवला, दाब जाणवला असावा, आणि भार टाकला. पायाने धरलं. दुसरं पाऊल. तिसरं. गुडघा वाकत होता. दांड्यांच्या टोकाला जाऊन ती वळली आणि परत आली, आणि मग न विचारता दांडी सोडून खोलीच्या दारापर्यंत गेली. दार उघडलं, बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली, दार लावलं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दार परत उघडलं आणि ती आत आली. पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. हिंदी-गुजरातीत जे म्हणाली ते मी माझ्या मराठीत लिहितो. म्हणाली, "आयुष्यभर माझ्या आधी माझा पाय खोलीत शिरायचा. सगळे वळून बघायचे, मग मी. आज मी आधी आले."

आई, निळी पट्टी. थंडीसाठी नव्हती ती. ऑगस्टमधल्या लग्नालासुद्धा तू ती बांधली होतीस, घामाने तुझा पदर भिजला होता. विहारात वंदना सुरू झाल्यावर उशिरा पोचलो की तू दारातच उभी राहायचीस, ती संपेपर्यंत, आणि मला वाटायचं ही श्रद्धा. त्या लांब हॉलमधून तू माझ्या मारामारीसाठी चालत आलीस, तेव्हा शंभर पोरं वळून तुझ्या गुडघ्याकडे बघत होती आणि मी छाती काढून उभा होतो. दर रविवारी तू मला विचारत होतीस, आवाज कमी झाला काय, आणि मी दर रविवारी तुला आनंदाची बातमी देत होतो की नाही झाला. तू एकदाही म्हणाली नाहीस की मला तो नको आहे रे. बरं म्हणायचीस. तुला माहीत होतं ना, की मला तो हवा होता? की पांघरुणात पडून मी त्याची वाट बघायचो? मी त्या दिवशी लॅबमध्ये तुझ्यासाठी भांडलो असं मला वाटत होतं. राग मला आला होता, नाव तुझं वापरलं.

मी तिला गाठलं ते कार पार्कमध्ये, तिच्या शेवटच्या दिवशी. तिच्या हातात खोका, त्यात तिचा मग आणि खिडकीतलं ते मरतुकडं मनीप्लांट. मी म्हणालो, तू बरोबर होतीस, आवाज नको होता. ती म्हणाली, तू पूर्ण चूक नव्हतास, तुझ्या त्या भांडणानंतर मी पट्ट्यातला दाब वाढवला, मासीला तो नीट लागला. नुसतं कामाचं बोलावं तसं बोलली. तिथे थांबायला पाहिजे होतं मी. पण मी आहे तो आहे. विचारलंच, घरी सांगितलंस का कधी?

तिने खोका गाडीच्या टपावर ठेवला. म्हणाली, "सांगितलं. गणपतीत."

मला हिशेबच लागेना. गणपतीत म्हणजे त्या भांडणाच्या कितीतरी आधी. कॅनॉलवर आम्ही रोज डबा खात होतो तेव्हा. मी दर रविवारी तिला टोचत होतो तेव्हा. तिचे वडील तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत, आई बोलते पण ते बाहेर गेले की, कुजबुजत. हे सगळं तिने असं सांगितलं की जणू रेघेवरचे आकडे वाचून दाखवतेय. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू त्याच संध्याकाळी त्यांना फोन लावला असतास. मला ते हळूहळू सोडवायचं होतं. सुटत पण होतं."

खरं आहे, आई. लावला असता. तू ओळखतेस मला.

मी म्हणालो, मग आता? आता तर मला कळलंय. आता आपण दोघं मिळून. मी ग्लासगोला येतो. मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. कॉलेज पूर्ण करतो असंही म्हणालो बहुतेक. तिने माझ्या शर्टाच्या खिशातला पेन सरळ केला, रोज करायची तसा, आणि म्हणाली, "आता मी दमले रे." खोका सीटवर ठेवला, पट्टा लावून घेतला, मनीप्लांटलासुद्धा पट्टा लावला. इलेक्ट्रिक गाडी तिची. निघाली तेव्हा काही ऐकूच आलं नाही. मी तिथे उभा होतो आणि ती कोपऱ्यावर वळून गेलेली होती.

तेव्हापासून मी फोन केला नाही, मेसेज केला नाही. हे माझ्यासाठी किती आहे ते तुलाच कळेल. पोचलीस का, एवढंसुद्धा विचारलं नाही. बाबांना सांगितलं नाही, पण रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी वरण-भात केला, समोर बसले, आणि जेवण झाल्यावर जिन्याची ती हलणारी दांडी दाखवून म्हणाले, वेळ असेल तर बघ जरा. मी दुपारभर बसून ती बसवली. स्क्रू घट्ट केल्यावर ते येऊन हाताने हलवून बघून गेले. मग विचारलं, तुझी आई ही धरून उतरायची, आठवते? मी म्हणालो, आठवते.

आज मशीनवरचे उरलेले फेरेही संपले, म्हणून जुनी मशीन बंद केली. तो कडीवाला सांधा भंगारात जायचा होता. मी मॅनेजरला विचारलं, तो म्हणाला घेऊन जा, तुझ्या घरच्यांची दया येते मला. आता तो माझ्यासमोर आहे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तेलाच्या बुधलीशेजारी. हो, बुधली अजून आहे, चोच वाकलीये. निळी पट्टी कुठे गेली माहीत नाही, म्हणून मी एक जुना सुती रुमाल फाडला आणि तू गुंडाळायचीस तसा सांध्याभोवती गुंडाळला, तीन वेढे आणि आत खोचायचा. मग पट्ट्या सरळ केल्या. कडी पडली. आवाज आला, आई. दबलेला, पण आला. तुलाही येत असणार. पट्टी बांधूनही सगळ्यांना ऐकू जात असणार, आणि तुला ते माहीत असणार, आणि तरी तू दर रविवारी ती बांधत होतीस.

हे तुला पाठवायचं कुठे. तू आता कुठल्याच आवाजाने जिन्यावरून खाली येणार नाहीस, आणि ती सुद्धा येणार नाही, हे मला समजलंय, इतका काही मी मूर्ख नाही. तुला तो आवाज नको होता हेही आता समजलंय. एवढं समजल्यावर मी सांधा पिशवीत घालून ठेवून द्यायला हवा होता. मी रुमाल सोडला आणि सांधा उघडाच सरळ केला, डोळे मिटून, ओट्याकडे पाठ करून. एकदाच केला, असं लिहिणार होतो. एकदा नाही.